एलसीजी कार्बन चॅसिस संच: रॉक क्रॉलरचे वजन कुठून उतरवावे

1:10 प्रमाणाचा रॉक क्रॉलर, म्हणजे खडकांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी, हलका करायचा म्हटले की टायटॅनियमचे स्क्रू, पोकळ लिंक (अॅक्सल चॅसिसला जोडणारे दांडे) आणि जाळीदार कापलेले कंस यांची यादी तयार होते, आणि दर खेपेस गाडी तराजूवर ठेवून एकूण आकडा किती उतरला याचेच कौतुक केले जाते. प्रत्यक्षात उभ्या खडकावर गाडी चढते की मागे उलटते हे दोन गोष्टींवरून ठरते: तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि मागच्या अॅक्सलच्या किती पुढे आहे. ज्या एलसीजी, म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणणाऱ्या, कार्बन फायबर चॅसिस संचाचे हे परीक्षण आहे, त्याची आखणी करणाऱ्याला ही गोष्ट नीट उमगलेली आहे, आणि म्हणूनच काही ठळक उणिवा असूनही हा संच मला मनापासून आवडला.

संच एका लहान कारखानदाराचा असून तो अॅक्सियल एससीएक्स10 टू या गाडीवर बसवला. 2016 साली आलेल्या या गाडीची मूळ रचना खऱ्या जीपसारखी, म्हणजे पन्हळीच्या आकाराच्या दोन पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, अशी आहे. ती मजबूत आहे, दिसायला देखणी आहे, परंतु बॅटरी, रिसीव्हर (रिमोटचे संकेत पकडणारा भाग), बंपर आणि बॉडीचे खांब हे सारे त्या पट्ट्यांच्या पातळीवर किंवा त्याहून वर बसते. नव्या संचात 3 मिलिमीटर जाडीच्या कार्बनच्या दोन बुटक्या बाजूपट्ट्या, त्यांना सांधणारे अॅल्युमिनियमचे आडवे दांडे, घसरण्यासाठी गुळगुळीत अशी स्किड प्लेट, पुढच्या अॅक्सलच्या लगेच वर येणारा बॅटरीचा ट्रे, स्टिअरिंग सर्व्होचा (चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) माउंट आणि बॉडीचे आखूड खांब मिळतात. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे 7.8 पट, अॅल्युमिनियमची 2.7 पट आणि कार्बन कंपोझिटची जेमतेम 1.6 पट असल्यामुळे तेवढ्याच जाडीच्या पट्टीतही वजन बरेच घटते, हे उघड आहे. खरा फायदा मात्र पट्ट्यांच्या बुटकेपणात आहे, कारण त्यामुळे त्यांच्यावर बसणारी प्रत्येक वस्तू आपोआप खाली येते आणि बॉडीही सुमारे 20 मिलिमीटर खाली बसवता येते.

कारागिरीबद्दल समाधान आणि नाराजी दोन्ही आहेत. कार्बनची विणकाम दिसणारी पृष्ठे स्वच्छ होती, स्क्रूची डोकी बुडवण्यासाठी केलेले शंकूसारखे खळगे एकसारख्या खोलीचे होते आणि डावी-उजवी पट्टी एकमेकींवर ठेवल्यावर सर्व भोके तंतोतंत जुळली. मात्र कापलेल्या कडा तशाच सोडलेल्या होत्या. बोट फिरवले तर सूक्ष्म कुसळे लागत होती. अशा कडांना एकदा खडकाचा फटका बसला की थर सुटू लागतात, म्हणून बसवण्याआधी त्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्याने घासून वर पातळ सायनोअॅक्रिलेट डिंकाचा हात फिरवणे आवश्यक आहे. हे काम कोरडे करू नये, कारण कार्बनची धूळ श्वासावाटे जाणे चांगले नाही. पाणी, मास्क आणि हातमोजे हवेतच. इतके काम ग्राहकावर सोडायचे असेल, तर निदान सूचनापत्रकात तसे लिहायला हवे होते. पत्रकात फक्त सुटे भाग वेगवेगळे दाखवणारी एक आकृती आहे, आणि कोणत्या लांबीचा स्क्रू कुठे जातो हे तिच्यावरून कळत नाही. एका आडव्या दांड्यातील आटे तिरके पाडलेले असल्यामुळे एम3 चा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) पुन्हा फिरवावा लागला. अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावणे योग्यच आहे, परंतु ते पॉलिकार्बोनेट बॉडीला किंवा एबीएसच्या भागांना लागू देऊ नये. त्या द्रवाने असे प्लास्टिक ताणाच्या जागी तडकते.

कार्बनच्या दोन गुणधर्मांची जाणीव हा संच घेणाऱ्या प्रत्येकाला असली पाहिजे. कार्बन फायबर वीजवाहक आहे. प्लास्टिकच्या ट्रेवर घासणारी तार वर्षानुवर्षे निभावून जाते. कापलेल्या कार्बनच्या धारेवर घासणाऱ्या तारेचे वेष्टण मात्र थोड्याच काळात सोलले जाते, आणि बॅटरीच्या दोन्ही तारा तशा उघड्या पडल्या तर चॅसिसमार्फतच शॉर्ट सर्किट होऊ शकते. म्हणून बाजूपट्टीवरून जाणाऱ्या प्रत्येक तारेखाली सिलिकॉन नळीचा उभा चिरलेला तुकडा बसवून घ्यावा. दुसरा मुद्दा रिसीव्हरचा आहे. कार्बनच्या पट्ट्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात. दोन पट्ट्यांच्या मधोमध अँटेना गुंडाळून ठेवली तर गाडी मोठ्या खडकाआड जाताच रिमोटचा संपर्क तुटण्याची शक्यता असते. अँटेनाचे शेवटचे उघडे टोक पट्ट्यांच्या वर उभे राहील अशी छोटी नळी संचात द्यायला फारसा खर्च आला नसता. ती दिलेली नाही.

आता वजनाचा हिशेब. बदलापूर्वी गाडी सुमारे 3 किलो भरत होती. पोलादी पट्ट्या, बंपर, चाकांवरची आतली आवरणे आणि जुना ट्रे काढून नवा संच बसवल्याने साधारण 300 ग्रॅम उतरले. 5000 एमएएच साठ्याच्या तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीऐवजी 1500 एमएएचची तीन सेलचीच बॅटरी घेतल्याने सुमारे 250 ग्रॅम कमी झाले. आतल्या सीट, टपावरचा कॅरिअर, आरसे आणि दिवे असलेली बॉडी बाजूला ठेवून साधी, दोन्ही बाजूंनी आत दाबलेली पॉलिकार्बोनेट बॉडी चढवली. त्यात आणखी 200 ग्रॅमच्या वर गेले. मागच्या चाकांच्या अॅल्युमिनियम रिम काढून प्लास्टिकच्या बीडलॉक (टायरची कड आवळून धरणाऱ्या) रिम घातल्या, तेथे 130 ग्रॅम वाचले. पुढच्या नकलवरील (चाक ज्यावर वळते त्या भागावरील) पितळेची वजने जशीच्या तशी ठेवली. एकूण वजन 2.1 किलोवर आले, आणि पुढच्या अॅक्सलवरचा भार निम्म्यावरून सुमारे 57 टक्क्यांवर गेला.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: घटलेल्या 900 ग्रॅमपैकी चॅसिस संचाचा वाटा एक तृतीयांश आहे. बॅटरी आणि बॉडी यांचा वाटा त्याहून मोठा आहे आणि त्या दोन्ही गोष्टी कोणताही संच न घेता करता येतात. ज्याला फक्त वजन उतरवायचे आहे त्याने आधी लहान बॅटरी घ्यावी आणि टपावरचे ओझे काढावे. टपावरचा 60 ग्रॅमचा कॅरिअर जमिनीपासून 200 मिलिमीटरवर असतो. त्याच्या तुलनेत चॅसिसच्या खालच्या भागातील स्क्रू टायटॅनियमचे करून वाचणारे 20–25 ग्रॅम नगण्य आहेत. टायटॅनियमचे स्क्रू गंजत नाहीत हा त्यांचा गुण मान्य आहे, मात्र क्रॉलरच्या चढाईत त्यांचा हातभार जाणवावा इतका नसतो.

संचाची खरी परीक्षा गुरुत्वमध्याच्या मोजमापात होते, आणि हे मोजमाप घरीच करता येते. पुढची चाके एका तराजूवर आणि मागची दुसऱ्यावर, दोन्ही एकाच पातळीत ठेवली की पुढचा-मागचा भार कळतो. पुढच्या भाराच्या टक्केवारीला व्हीलबेसने गुणले की गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलच्या किती पुढे आहे ते मिळते. उंचीसाठी शॉकमधील स्प्रिंग काढून तेथे घट्ट ठोकळे घालावेत, म्हणजे सस्पेन्शन दबणार नाही. मग गाडी फळीवर तोंड वर करून ठेवावी, मागच्या टायरमागे घसरण रोखणारी पातळ पट्टी चिकटवावी आणि फळीचे टोक हळूहळू उचलत जावे. पुढची चाके अलगद तरंगू लागतात त्या क्षणी फळीचा कोन मोजावा. आधी काढलेल्या आडव्या अंतराला त्या कोनाच्या टॅन्जंटने भागले की उंची निघते.

313 मिलिमीटर व्हीलबेसच्या या गाडीचा गुरुत्वमध्य बदलापूर्वी सुमारे 95 मिलिमीटर उंचीवर होता आणि बदलानंतर तो 80 मिलिमीटरवर आला. मागे उलटण्याचा सैद्धांतिक कोन त्यामुळे 59 अंशांवरून 66 अंशांच्या जवळ पोहोचला, आणि बाजूला कलंडण्याचा कोन सुमारे 45 अंशांवरून 50 अंशांवर गेला. प्रत्यक्षात सस्पेन्शन दबते, टायर दुमडतो आणि खडक कधीच सपाट नसतो, म्हणून खडकावर मिळणारे कोन याहून कमीच असतात. तरीही आधी आणि नंतर यांतला फरक तसाच टिकतो. आडव्या उतारावरून जाताना वरची चाके पूर्वी ज्या ठिकाणी हवेत उठत, त्याच ठिकाणी ती आता खडक धरून राहतात.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते उताराचे गणित. चढाईसाठी भार पुढे सरकवला की उतरताना गाडी पुढे कोलांटी खाईल, ही भीती रास्त आहे. उंची 95 मिलिमीटरच राहिली असती आणि फक्त भार 57 टक्के पुढे गेला असता, तर उतारावर उलटण्याचा कोन 59 अंशांवरून 55 अंशांपर्यंत घसरला असता. उंची 80 मिलिमीटरवर आल्याने तो पुन्हा 59 अंशांवरच राहिला. म्हणजे चढाईतील सात अंशांची कमाई उतारावर काहीही न गमावता झाली. केवळ पुढे पितळ लादून हा परिणाम साधता येत नाही, आणि संचासाठी पैसे मोजायचे असतील तर ते याच कारणासाठी मोजावेत.

मोटरच्या बाजूने होणारा लाभही लहान नाही. 45 अंशांच्या चढावर 3 किलोची गाडी धरून ठेवण्यासाठी 119 मिलिमीटर व्यासाच्या चाकांवर मिळून सुमारे 1.25 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, 2.1 किलोला सुमारे 0.87 पुरतो. टॉर्क 30 टक्क्यांनी घटला की मोटरमधील विद्युतप्रवाहही जवळपास तितकाच घटतो, आणि वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ निम्म्यावर येते. सलग चढाईनंतर मोटरच्या आवरणाला हात लावता येतो, आणि हळू वेगात थ्रॉटल अधिक मऊपणे चालतो. ड्राइव्हशाफ्टचे सांधे, अॅक्सलमधील दात आणि सर्व्हो यांच्यावरचा ताणही उतरतो. लहान बॅटरीमुळे चालण्याचा वेळ मात्र घटतोच. 1500 एमएएच म्हणजे आधीच्या साठ्याच्या 30 टक्के, आणि गाडी हलकी झाल्याने होणारी बचत ही तूट पूर्णपणे भरून काढत नाही. जोडीला आणखी एक बॅटरी ठेवावी, ती गाडीत न घालता खिशात ठेवावी.

आता टायरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हलक्या गाडीबद्दलची निराशा बहुधा येथेच जन्म घेते. शाळेतल्या भौतिकशास्त्राप्रमाणे घर्षणाची पकड भाराच्या प्रमाणात असते, त्यामुळे वजन घटल्याने चढता येणारा कोन बदलू नये. रबर तसे वागत नाही. भार वाढतो तसा रबराचा घर्षण गुणांक कमी होत जातो, म्हणून तत्त्वतः हलक्या गाडीची पकड भाराच्या तुलनेत सुधारली पाहिजे. परंतु त्यासाठी टायरने खडकाच्या खाचाखोचांत शिरून तेथे पसरायला हवे, आणि 3 किलोच्या गाडीसाठी टायरच्या आत भरायला निवडलेला फोम 2.1 किलोच्या गाडीखाली दगडासारखा ताठ वागतो. संच बसवल्यानंतर मूळ फोम तसाच ठेवला असता गाडी गोल खडकांवर उड्या मारत होती, आणि पूर्वी सहज जमणारी पायरी तिला जमेनाशी झाली होती. तळहाताने टायर दाबून पाहिला तर फरक लगेच कळतो: गाडी उभी असताना टायरचा तळ खडकावर निदान दोन ओळींच्या गुट्ट्यांनी (टायरवरील रबरी उंचवट्यांनी) टेकलेला दिसायला हवा, आणि येथे तो एकाच ओळीवर उभा होता.

त्यावर उपाय म्हणजे बाहेरून मऊ आणि आतून ताठ असा दुहेरी फोम. बाहेरचा मऊ थर हलक्या भारालाही दबतो, तर आतला ताठ गाभा आडव्या उतारावर टायर रिमखाली दुमडू देत नाही. रबरही मऊ मिश्रणाचे हवे. पुढच्या आणि मागच्या टायरला एकच फोम घालण्याची सवय या वजनात सोडावी लागते, कारण 57 आणि 43 टक्क्यांच्या वाटणीत मागच्या चाकांवर प्रत्येकी जेमतेम 450 ग्रॅम भार उरतो. मागे अधिक मऊ फोम लागतो. टायरमधील हवा बाहेर जाण्यासाठी रिममध्ये किंवा टायरच्या मधल्या पट्टीत छोटी भोके आहेत की नाहीत, हेही पाहावे. जड गाडीत कोंडलेली हवा दुर्लक्षिता येते, हलक्या गाडीत तीच फोमचे काम बिघडवते. फोम बदलल्यानंतर तीच पायरी गाडीने शांतपणे, चाक जागच्या जागी न घसरवता पार केली. संच विकणाऱ्याने फोमविषयी एक ओळही लिहिलेली नाही, आणि मला ही त्याची सर्वांत मोठी चूक वाटते, कारण अनेक ग्राहक जुन्या टायरवर गाडी चालवून चॅसिसलाच दोष देतील.

शॉकचेही तसेच आहे. वर उरलेले वजन इतके कमी होते की मूळ स्प्रिंगवर गाडी पूर्ण ताणलेल्या पायांवर उभी राहते, आणि खड्ड्यात चाक खाली सोडायला वावच उरत नाही. सर्वांत मऊ स्प्रिंग, पातळ तेल आणि गाडी उभी असताना शॉकच्या एकूण प्रवासाचा निम्म्याच्या आसपास भाग दबलेला, अशी मांडणी या चॅसिसला मानवते. संचातील शॉकच्या वरच्या टोकांसाठी दिलेली अनेक भोके येथे उपयोगी पडतात. शॉक जितका तिरका करावा तितका तो मऊ वागतो. इतक्या मऊ मांडणीत मोटरच्या पिळामुळे चॅसिस एका बाजूला झुकते, तेव्हा मागच्या एका शॉकचा कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारी कडी) थोडा घट्ट करून ते सावरता येते.

पितळाबाबत माझे मत ठाम आहे. पुढच्या नकलमध्ये आणि अॅक्सलवर असलेले पितळ खालीच असते, जमिनीपासून साधारण टायरच्या त्रिज्येइतक्या, म्हणजे 60 मिलिमीटर उंचीवर. 80 मिलिमीटरच्या गुरुत्वमध्याला ते अजूनही खाली ओढते. म्हणून तेथील वजन काढण्याची घाई करू नये. उलट मागच्या अॅक्सलवर पितळ ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. तेथील प्रत्येक ग्रॅम चढाईत गाडीला मागे खेचतो. चाकात घातलेले वजन गुरुत्वमध्यासाठी चांगले असले तरी ते चाकाबरोबर फिरवावेही लागते आणि स्टिअरिंग सर्व्होला ते वळवावे लागते, त्यामुळे पुढे पितळ घालायचेच असेल तर रिमपेक्षा नकल बरी.

काही उणिवा स्वीकारूनच हा संच घ्यावा लागतो. बाजू उघड्या असल्यामुळे रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलरवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागावर) चिखल-पाणी थेट येते, आणि मूळ गाडीतील बंद रिसीव्हर डबी येथे बसत नाही. रिसीव्हर जलरोधक नसेल तर ओढ्याकाठची वाट टाळावी. बंपर नसल्याने पडताना बॉडीची पुढची कड मार खाते. हुबेहूब दिसणारी गाडी, उघडणारी दारे, आतले चालक यांची आवड असणाऱ्याला ही गाडी उघडीबोडकी वाटेल, आणि त्याने मूळ पोलादी चौकट ठेवून केवळ टपावरचे ओझे व बॅटरी यांवरच काम करावे असे मी सुचवेन. ज्याला कठीण खडकावरची वाट जमवण्यातच आनंद आहे, त्याने हा संच अवश्य घ्यावा, मात्र फोम आणि मऊ स्प्रिंग त्याच खरेदीत धरून.

घेण्यापूर्वी गिअरबॉक्सची खात्री करावी. संच तीन गिअरच्या एससीएक्स10 गिअरबॉक्ससाठी आखलेला आहे. वेगळी ट्रान्सफर केस (दोन्ही अॅक्सलना शक्ती वाटून देणारी पेटी) असलेल्या गाडीत तो थेट बसत नाही, आणि गिअरबॉक्सची अदलाबदल करायची तर ड्राइव्हशाफ्टची लांबीही पुन्हा जुळवावी लागते. कारखानदार सुट्या बाजूपट्ट्या एकेक देतो, ही मोठी सोय आहे, कारण तुटली तर बहुधा एकच पट्टी तुटते, आणि तीही मागच्या लिंकच्या भोकाजवळ, जेथे कार्बनची रुंदी सर्वांत कमी आहे. त्या जागी आतून एक रुंद वॉशर घालून ठेवावा.